चार चाळीसची गाडी

तलासरीच्या त्या हायस्कूलची शेवटची घंटा चारला व्हायची आणि चार वाजून दहा मिनिटांनी मुक्ताबाईंच्या खो-खोच्या मुली मैदानात पाटीवर बसलेल्या असायच्या, एकीचं तोंड शाळेकडे, दुसरीचं हायवेकडे. पंधरा मिनिटं खेळ रंगायचा. मग हायवेकडे तोंड असलेल्या मुलींचं लक्ष उडायचं. चार पंचवीसला एखादी खो मिळूनही उठायची नाही, साडेचारला दोघीतिघी न विचारता दप्तरं उचलायच्या, आणि चार पस्तीसला मैदानात उरायचे दोन खांब, मुक्ता आणि बाजारात घर असलेल्या तीन मुली. तीन मुलींत खो-खो होत नाही. मुक्ता शिट्टी पर्समध्ये कोंबायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत शाळेबाहेर पडायची.

हे १९८८ साल. मुक्ताला इथे खेळाची शिक्षिका म्हणून लागून वर्ष होऊन गेलं होतं. तिचं लहानपण डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील विष्णू स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. क्वार्टरच्या मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की रेल्वेचं मैदान. पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिची प्रत्येक संध्याकाळ तिथे गेली. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसऱ्यांदा हाक मारली की खेळ संपायचा. सोळाव्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात गेली, अठराव्या वर्षी राज्याच्या. दोनदा. कसं जमलं असं कोणी विचारलं तर ती सांगायची, मनात असलं की जमतं. तिचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

म्हणूनच तिला या मुलींचा राग यायचा. त्यांच्या मनातच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि राग दुप्पट व्हायचा, कारण त्या तिच्यापेक्षा चांगल्या पळायच्या. विशेषतः सातवीतली जानी. काटकुळी, अनवाणी, केसांना लाल रिबन. खांबाला वळसा घालताना तिचा वेग कमी होण्याऐवजी वाढायचा. दोन मुलींच्या मधून ती चिखलातल्या निवटी माशासारखी सटकायची आणि पलीकडे जाऊन शांतपणे उभी राहायची, दमही न लागलेली. मुक्ताला हुलकावणी शिकायला चार वर्षं लागली होती. या पोरीला ती कोणी शिकवलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये एका दिवशी सात मुली सव्वाचारलाच निघून गेल्या, तेव्हा मुक्ताचा बांध फुटला. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला तिने सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं आणि बोल बोल बोलली. सरकार मैदान देतं, शिक्षक देतं, तरी तुम्हाला एक तास थांबवत नाही. जिला सरावाला थांबायचं नसेल तिचं नाव आजच कापते. पहिलं नाव तिने जानीचं घेतलं, मुद्दाम. सगळ्यात चांगल्या मुलीला आधी झोडलं की बाकीच्या सुतासारख्या सरळ येतात, असा तिचा हिशोब होता.

जानीने मान खाली घातली नाही. रडलीही नाही. तिने साधं विचारलं, एखादी शंका विचारावी तसं.

"बाई, तुम्ही पण चार चाळीसचीच गाडी पकडता ना?"

कोणी हसलं नाही. मुक्ताला वाटलं, हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं. कारण ते खरं होतं. चार चाळीसची एसटी तलासरीहून निघायची, हायवेने चारोटीला, तिथून आशागडवरून डहाणूला. मुली वाटेतल्या फाट्याफाट्यांवर उतरायच्या, ती शेवटपर्यंत जायची. पुढची गाडी थेट साडेसातला. मुक्ताची मुलगी श्रुतिका तीन वर्षांची होती, दिवसभर सासूबाईंकडे असायची, आणि संध्याकाळी सहा वाजले की दारात येऊन बसायची. म्हणजे मुक्ता निघायची तेव्हा तिला कारण असायचं, आणि मुली निघायच्या तेव्हा त्यांच्या मनात नसायचं. हे असं आपण वर्षभर मानत आलो, हे तिच्या त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या लक्षात आलं. तिने वर्ग सोडून दिला. नाव कोणाचंच कापलं नाही.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. साडेअकराला सुटल्यावर मुक्ता जानीबरोबर निघाली. तिच्या आईशी बोलायचं, मुलीला रोज एक तास थांबू द्या म्हणून पटवायचं, एवढाच बेत होता. दोघी एसटीतून जानीच्या फाट्यावर उतरल्या आणि चालू लागल्या. पहिला चढ ठीक होता. मग ओढा लागला, गुडघाभर पाण्याचा. जानीने दप्तर डोक्यावर घेतलं आणि बाईंच्या चपला हातात. दुसऱ्या चढावर मुक्ताला थांबावं लागलं. राज्याच्या संघातून खेळलेली बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती आणि जानी दहा पावलं पुढे, एका पायावर भार टाकून वाट बघत उभी होती. पाड्यावर पोचायला सव्वा तास लागला.

जानीची आई बायजी भातात निंदणी करत होती. ती बांधावर आली, हात धुतले, मुक्ताला बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं. मुक्ताने वाटभर जुळवलेलं सगळं सांगितलं. खेळाने शरीर कसं घडतं, स्पर्धा कशा असतात, नाव कसं होतं, पुढे खेळाडूंना नोकरीतही कसा फायदा होतो. बायजीने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेऊन मग ती म्हणाली, "ही सकाळची सव्वा तास चालते, सांजची तेवढीच. आली का पाणी भरते, मंग गुरं आणते. तुमी म्हणता अजून पळव. कवा पळवू?"

मुक्ताने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. बायजीला वाईट वाटलं असावं, कारण तिने लगेच पुढे म्हटलं, "शाळा इकडं आणा. मंग खेळवा पोरीला पाहिजे तेवढी. मी नाय म्हणायची नाय."

घरी पोचल्यावर मुक्ता बादलीत पाय बुडवून बसली. दोन्ही टाचांना फोड आले होते. तिचा नवरा ललित, कोर्टात कारकून, स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणाला, राज्याच्या खेळाडूला सातवीच्या पोरीने हरवलं वाटतं. तिला हसू आलं नाही. तिने विचारलं, मी क्वार्टरमध्ये राहत नसते तर खेळले असते का? ललितला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, मग कुठे राहिली असतीस?

पुढच्या महिन्यात ती एसटीच्या डेपोत गेली. चार चाळीसची गाडी साडेपाचला सोडा, एवढीच मागणी. तिथले साहेब भले होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की त्या गाडीने येणारी माणसं डहाणूला रेल्वेची संध्याकाळची शटल पकडून वाणगावकडे जातात. तासभर उशीर केला तर त्यांची शटल चुकेल. मुक्ता म्हणाली, मग एक गाडी वाढवा. ते म्हणाले, अर्ज करा. तिने अर्ज केला, पालकांचे अंगठे आणि मुलींच्या सह्या जोडल्या. चार महिन्यांनी खरोखर साडेपाचची एक गाडी सुरू झाली. त्या पंधरवड्यात तिने जो खेळ बघितला तो ती विसरली नाही. पूर्ण बारा मुली, पूर्ण दोन डाव, दमल्यावर मैदानातच पाय पसरून बसणं. सोळाव्या दिवशी गाडी बंद झाली. गाडीत रोज मुलीच मुली, त्याही पासवाल्या. बाकी उतारू कोणी नाही. साहेबांनी आकडे दाखवले. आकड्यांशी काय भांडणार? ती तरीही भांडली, आणि चहा न पिता निघून आली.

मग तिने तलासरीत एक खोली बघितली. स्वतः तिथे राहायचं, निदान जवळच्या मुलींना सकाळ-संध्याकाळ खेळवायचं. ललितने विरोध केला नाही. त्याने फक्त विचारलं की श्रुतिका कुठे राहील. मुक्ता दोन दिवस त्यावर विचार करत राहिली. मग तिने खोलीची किल्ली परत केली. आपल्याला जे सोडवत नाही ते बायजीने सोडावं असं आपण म्हणत होतो, हा विचार तिला कुसळासारखा टोचत राहिला.

शेवटी उरली मधली सुट्टी. पाऊण तास, भर दुपारी, तापलेल्या मुरुमाच्या मैदानावर. मुली आधी खेळायच्या आणि घंटेनंतर चोरून डबा खायच्या. गणिताचे शिक्षक शैलेश सर तक्रार करायचे की खो-खोच्या मुली पाचव्या तासाला डुलक्या घेतात. ते खोटं नव्हतं. मुख्याध्यापक दोघांचंही ऐकायचे आणि काहीच करायचे नाहीत, आणि त्यातल्या त्यात तेच मुक्ताच्या पथ्यावर पडलं.

१९८९च्या नोव्हेंबरात ठाण्याला जिल्हा स्पर्धा होत्या. हजेरी सकाळी आठला. मुक्ताने गाड्यांचं वेळापत्रक समोर घेऊन तीन वेळा हिशोब केला. डहाणूहून पहाटेची पहिली शटल पकडली, विरारला बदलली, दादरला बदलली, तरी मैदानात पोचायला पावणेनऊ वाजणार. आदल्या दिवशी जावं तर मुक्कामाची सोय नव्हती, आणि पालकांनी एकाच रात्रीची परवानगी दिली होती. ती रात्र डहाणू गाठण्यातच जाणार होती. तिने आयोजकांना पत्र लिहिलं, आमचा सामना दहाला ठेवा. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे नकार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बारा मुली चार चाळीसच्या गाडीने डहाणूला आल्या. मुक्ताने त्यांना माहेरी उतरवलं. वडील निवृत्त होणार होते, क्वार्टर अजून त्यांच्याकडे होतं. तिच्या आईने दोन पातेली खिचडी टाकली. उजेड होता तोवर मुली मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि मैदानावर पसरल्या. कॉलनीतली पोरं एका कोपऱ्यात क्रिकेट खेळत होती, दोन बायका गप्पा मारत फेऱ्या घालत होत्या. जानी मात्र पायरीवरच थांबली. तिने मैदान बघितलं, मग मागे वळून स्वयंपाकघराची खिडकी बघितली.

"बाई, हे असंच घराला लागून होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज," मुक्ता म्हणाली, आणि काही गुन्हा कबूल केल्यासारखं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानात पोचल्या तेव्हा नऊला दहा कमी होते. फलकावर त्यांच्या शाळेच्या नावासमोर रेघ होती आणि समोरच्या संघाला पुढे चाल दिलेली होती. मुक्ता टेबलाशी गेली. तिने पत्राची नक्कल दाखवली, गाड्यांचं वेळापत्रक दाखवलं. तिथले गृहस्थ म्हणाले, सगळे संघ वेळेवर आले, बाई, तुम्हीच उशिरा. तिने विचारलं, बाकीचे कुठून आले? ते म्हणाले, त्याचा काय संबंध. समोरचा संघ तिथल्याच कुठल्याशा शाळेचा होता, मुली घरून रिक्षाने आल्या होत्या, एकसारख्या बुटांत. त्यांच्या बाईंनी खेळायची तयारी दाखवली, मैत्रीचा सामना म्हणून. पण मैदानं पुढच्या सामन्यांना दिलेली होती. तलासरीच्या मुलींनी कडेला बसून भाकरी खाल्ली, दोन सामने बघितले आणि उठल्या. परतीच्या गाडीत कोणी तक्रार केली नाही. मुक्ताला त्याचाच जास्त त्रास झाला. या मुलींना यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

वर्षभर ती पत्रं लिहीत राहिली. जिल्ह्याला, आयोजकांना, जो अधिकारी नवीन येईल त्याला. एकच मागणी, उत्तरेकडच्या तालुक्यांची पहिली फेरी डहाणूला घ्या. १९९०च्या दिवाळीआधी ती मान्य झाल्याचं कळलं तेव्हा तिला विश्वास बसेना. पण स्पर्धा ठरली दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. भात निघालं की माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. रूपी गेली, संघातली जानीनंतरची सगळ्यात चपळ मुलगी. तिच्यामागोमाग आणखी दोघी गेल्या. राहिल्या बरोबर नऊ. एकीचाही पाय मुरगळला असता तर संघ उतरला नसता.

नऊ जणी उतरल्या आणि डहाणूच्या मुलींच्या शाळेला त्यांनी दोन गुणांनी हरवलं. दुसऱ्या डावात जानी साडेचार मिनिटं पळाली आणि नाबाद राहिली. मुक्ताचा घसा बसला. पुढची फेरी ठाण्याला होती, हजेरी सकाळी आठला. सहाच घरांनी मुलींना पाठवायचं कबूल केलं. मुक्ता कोणाच्या दारात विनवायला गेली नाही. फलकावर पुन्हा रेघ.

हरलेल्या शाळेचे खेळाचे शिक्षक धर्मेशभाई मुक्ताला लहानपणापासून ओळखत होते. तेही रेल्वे मैदानावरचेच. डिसेंबरात ते मुद्दाम तिच्या घरी आले.

"मुक्ताबेन, ती जानी मला द्या," ते म्हणाले. "आमच्याकडे हॉस्टेल आहे, ग्राउंड समोरच आहे. एका वर्षात राज्याला नेतो. तिकडे राहून तिचं काही होणार नाही, तुम्हालाही माहीत आहे."

तिला माहीत होतं, आणि म्हणूनच संताप आला. दोन वर्षं ती ज्याच्या-त्याच्या दारात सांगत होती की खेळ मुलींपर्यंत आणा. आणि जगाकडे देण्यासारखं काय होतं, तर मुलीला उचलून खेळापर्यंत न्यायचं. तिने चहा दिला, बरं म्हणाली, जानीला विचारते म्हणाली.

जानीने दोन दिवसांनी विचारलं, हॉस्टेलात पाणी कोण भरतं. मुक्ताने सांगितलं, नळ आहे. मग जानीने सांगितलं की आई हो म्हणते, पण घरचं पाणी आता धाकटीकडे जाईल. धाकटी बहीण शांती पाचवीत होती, त्या जूनपासून शाळेत यायला लागलेली, आणि मधल्या सुट्टीत पाटीच्या कडेला उभी राहून सगळ्यांना खो कधी द्यायचा ते ओरडून सांगायची. मुक्ताने तिचं नाव पुढच्या वर्षासाठी मनात धरून ठेवलं होतं.

१९९१च्या जूनमध्ये जानी डहाणूला गेली. शांती सकाळी पाणी भरून निघायची, त्यामुळे रोज उशिरा पोचायची, आणि मधल्या सुट्टीत वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायची. जानीच्या जागी कोणी तयार झालं नाही. यादीत आठ नावं होती. मुक्ताने आठ नावांचा प्रवेशअर्ज पाठवून दिला, रागाच्या भरात. तो 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला.

डिसेंबरात पेपरात बातमी आली. राज्याच्या संघात निवड, डहाणूची जानी. मुख्याध्यापकांनी कात्रण फळ्याशेजारच्या काचेच्या पेटीत लावलं आणि परिपाठाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या मुक्तानेही वाजवल्या, मनापासून. मुलीने कष्ट केले होते. पण परिपाठ संपल्यावर तिने पेटी उघडली, 'डहाणूची' हा शब्द निळ्या पेनाने खोडला आणि वर जानीच्या पाड्याचं नाव लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, कशाला खराब करता, आपल्याच शाळेचा अभिमान आहे तो. मुक्ता म्हणाली, "आपण तिला काय दिलं, सर?" कात्रण तसंच राहिलं.

दुपारी पेटीसमोर शांती उभी होती. ती बोट ठेवून वाचत होती, आधी बहिणीचं नाव, मग पाड्याचं, मग खोडलेला शब्द. मुक्ता मागे येऊन उभी राहिली तेव्हा तिने विचारलं, "बाई, मलापण नेतील डहाणूला?"

"नेतील," मुक्ता म्हणाली. "तू नववीत गेलीस की बघू."

"तोवर?"

मुक्ताने शांतीला डबा खायला पाठवलं, पेटीचं दार लावून घेतलं, आणि नववीत गेलीस की बघू, हे आपणच म्हणालो याचा तिला दिवसभर राग येत राहिला.